आधार आणि दाब

मनुष्याला घडवावयाचें म्हणजे त्याला कांहीं काळ तरी धरून ठेवावें लागतें, ही गोष्ट सहसा कोणी नाकबूल करीत नाहीं. वाद होतो तो किती धरावें, याविषयीं. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, कोंवळ्या वयांत ताबा जितका घट्ट तितकें पुढील आयुष्य सरळ. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मुलाला मोकळें सोडावें, त्याचें तें घडत जाईल. रूसोचा 'एमिल' १७६२ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हांपासून युरोपांत या वादाला ऊत आला, आणि आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढल्यानंतर तो आपल्या माजघरांतही शिरला. दोन्ही पक्षांचे लोक मीं जवळून पाहिले आहेत. अध्यापकाच्या धंद्यांत ते टाळतां येत नाहींत. एकाच आठवड्यांत एक गृहस्थ येऊन सांगतात, "सर, वसतिगृहांत त्याच्यावर जरा कडक नजर असूं द्या," आणि दुसरे येऊन सांगतात, "त्याला बिलकुल टोकूं नका, तो फार हळवा आहे." दोघांचेंही आपल्या मुलावर सारखेंच प्रेम असतें. माझी तक्रार एवढीच कीं, दोघेही 'किती' याचाच विचार करतात. 'कोठें' आणि 'कशानें' धरावें, हा प्रश्न दोघांनाही पडत नाहीं.

हा प्रश्न ज्यांना पोटासाठीं रोज सोडवावा लागतो असा एक वर्ग आहे, आणि तो म्हणजे यंत्रशाळेंत लोखंड कापणाऱ्या कारागिरांचा. तत्त्वज्ञान शिकविणाऱ्यानें त्यांच्याकडे शिकावयास जावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सॉक्रेटीसही आपल्या संवादांत चांभार व परीट यांचीं उदाहरणें सोडीत नसे, आणि त्याबद्दल त्याच्या प्रतिष्ठित श्रोत्यांनीं नाकें मुरडलीं तरी त्याची त्यानें पर्वा केली नाहीं. शिवाय आपल्या भाषेंतच एक खूण आहे. धर्म, धारणा, आधार हे सारे शब्द 'धृ' या एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि त्या धातूचा अर्थ धरणें असा साधा आहे. धरण्याच्या कलेंत जो निष्णात, त्याच्यापाशीं धर्मविचाराचें कांहीं धन असेल, अशी शंका घेण्यास एवढा आधार पुरे.

कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत ओतकामाचे व यंत्रकामाचे लहानमोठे कारखाने एकमेकांस खेटून उभे आहेत. त्यांपैकीं एक माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे, आणि सुटींत तेथें जाऊन बसण्याची मला संवय लागली आहे. यंत्राच्या टेबलाशेजारीं पोलादाचे कांहीं ठोकळे तेलाचा हात देऊन, फडक्यांत गुंडाळून ठेवलेले असतात. त्यांतला नेहमींचा ठोकळा एक इंच जाड, दोन इंच रुंद व तीन इंच लांब असतो. त्याला तेथें 'वन-टू-थ्री ब्लॉक' असेंच म्हणतात. पाणी देऊन कठीण केलेलें पोलाद, सहाही अंगें घासून आरशासारखीं केलेलीं, समोरासमोरचीं अंगें समांतर आणि शेजारचीं काटकोनांत. अंगावर भोकें असतात, कांहीं आट्यांचीं, कांहीं साधीं. (बाजारांतल्या पुष्कळ ठोकळ्यांत साध्या भोकांतून आट्यांच्या भोकाचा बोल्ट जातच नाहीं, म्हणजे दोन ठोकळे एकमेकांस जोडतां येत नाहींत. त्याबद्दल कारागीर ते ठोकळे बनविणाऱ्यांस जे आशीर्वाद देतात ते या पृष्ठांवर छापतां येण्यासारखे नाहींत.) हा ठोकळा स्वतः कांहीं कापीत नाहीं, फिरत नाहीं, पुढें सरत नाहीं. तो कामाच्या खालीं किंवा बाजूला नुसता असतो. तरीही शिकाऊ मुलाच्या हातून पाना पडला तर मिस्त्री मान वर करीत नाहीं, आणि हा ठोकळा पडला तर सारा कारखाना वळून पाहतो. कारण एका कोपऱ्यावर केंसभर उंचवटा आला कीं त्यावर ठेवलेलें प्रत्येक काम त्या केंसानें तिरपें निघणार.

आतां धरण्याचें शास्त्र पाहूं. मोकळ्या वस्तूला सहा प्रकारचें स्वातंत्र्य असतें. ती तीन दिशांनीं सरकूं शकते आणि तीन आंसांभोंवतीं फिरूं शकते. कापण्याच्या घटकेपुरतें हें सहाही प्रकारचें स्वातंत्र्य काढून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं सहाच बिंदू पुरतात. खालीं तीन बिंदूंवर वस्तु टेकविली कीं तिचें खालीं जाणें व दोन बाजूंस कलणें थांबलें. एका बाजूस दोन बिंदू दिले कीं आणखी एक सरकणें व एक फिरणें थांबलें. टोंकाला एक बिंदू दिला कीं उरलेलें सरकणें संपलें. तीन, दोन, एक. यापेक्षां कमी आधार असले तर वस्तु हलते, हें कोणासही समजतें. जास्त झाले तर काय होतें, हें मात्र तितकें लवकर ध्यानांत येत नाहीं. तिवई कोणत्याही जमिनीवर स्थिर राहते, चौरंग डगमगतो. ओबडधोबड ओतीव तुकड्याखालीं चार पक्के ठोकळे ठेवले तर तोही डगमगेल. मग अननुभवी मुलगा वरून दाब देऊन बोल्ट आवळतो, आणि डगमगणें थांबतें. तें थांबलें, कारण कांहींतरी वांकलें. चौथा आधार द्यावयाचाच असेल तर जाणता मिस्त्री तेथें लहानसा स्क्रू-जॅक ठेवतो व तो हलक्या बोटांनीं, तुकड्याला नुसता स्पर्श होईल इतकाच वर चढवितो.

येथें आधार आणि दाब यांतील भेद स्पष्ट होतो, आणि माझ्या मतें सगळ्या शिस्तीच्या प्रश्नाचें मर्म या भेदांत आहे. ठोकळा हा आधार. तो वस्तूला तिची जागा दाखवितो. वरून आवळलेला क्लँप हा दाब. तिनें ती जागा सोडूं नये एवढेंच त्याचें काम. दाबाला स्वतःचें सत्य नसतें. म्हणून कारखान्यांतील पहिला नियम असा कीं, क्लँप नेहमीं आधाराच्या बरोबर वर यावा. ज्या जागीं खालीं पोकळी आहे तेथें वरून आवळलें तर तुकडा खालीं दबतो. तशा दबलेल्या स्थितींत त्याचा पृष्ठभाग कापून काढला तर यंत्रावर तो अगदीं सपाट दिसतो. मापून पाहा, डायल गेजचा कांटा तसूभर हलत नाहीं. सारे समाधानी होतात. मग बोल्ट सैल करतात, आणि त्याच क्षणीं दबलेला भाग आपल्या मूळ जागीं उसळून येतो व सपाट पृष्ठभागाला बाक येतो. पातळ झांकणांच्या कामांत हें नेहमीं घडतें. दोष कापण्यांत नसतो. ज्या स्थितींत तें कापलें गेलें ती स्थितिच त्या तुकड्याची नव्हती.

हें पाहिलें तेव्हां मला फार वर्षांपूर्वींच्या एका विद्यार्थ्याची आठवण झाली. पहांटे पांचला उठणें, सायंकाळीं परवचा, वडिलांपुढें मान खालीं, वह्यांवर एक डाग नाहीं. शाळेनें त्याला आदर्श म्हणून इतरांपुढें ठेवलेला. तो शिकण्यास मुंबईला गेला आणि तीन महिन्यांच्या आंत वर्गावर येईनासा झाला. वडिलांनीं संगतीला दोष दिला. संगत तशी वाईट नव्हती. ती मुलें माझ्या माहितीचीं होतीं. या मुलाला घरीं जेथें जेथें आवळलें होतें तेथें तेथें खालीं कांहींच नव्हतें. पहांटे कां उठावयाचें, हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें, आणि उठून करण्यासारखें असें त्याचें स्वतःचें कांहीं नव्हतें. बोल्ट सैल झाला, एवढेंच घडलें. तो पुढें सांवरला. परंतु दोन वर्षें गेलीं, आणि बापलेकांतील जें बोलणें तुटलें तें वडिलांच्या अखेरपर्यंत नीट जुळलें नाहीं. त्या वडिलांना मी निर्दय म्हणणार नाहीं. त्यांनीं मुलाच्या फीसाठीं स्वतःचा चष्मा तीन वर्षें बदलला नव्हता. आधार देण्याच्या ठिकाणीं त्यांनीं दाब दिला, आणि दाबाखालीं दिसणाऱ्या सपाटपणाला ते सद्गुण समजले.

मग दाब नकोच काय? मोकळें सोडणाऱ्या पक्षाचें म्हणणें तेंच आहे, आणि कारखान्यांत तें एक मिनिटही टिकणार नाहीं. न आवळलेला तुकडा कटरखालीं उडून एखाद्याचें डोकें फोडील. दाब हवा, फक्त त्याला हुकूमत देऊं नये. यासाठीं कारागीर शिकंज्यांत, म्हणजे व्हाइसमध्यें, एक युक्ति करतात ती मला अतिशय आवडते. व्हाइसला दोन जबडे असतात, एक स्थिर व एक हलता. खरेपणा असतो तो स्थिर जबड्याच्या अंगीं. हलता जबडा खांचेंत सरकणारा, म्हणून थोडासा ढिला व आवळतांना वर उचलणारा असतो. तुकडा दोहोंमध्यें धरून आवळला तर हलता जबडा आपला तिरपेपणा त्याच्यावर लादतो, आणि तुकडा स्थिर जबड्याशीं नीट भिडत नाहीं. म्हणून तुकडा व हलता जबडा यांच्यामध्यें एक गोल सळई आडवी घालतात. सळई एकाच रेषेवर टेकते. तिच्यातून जोर जातो, पण कोन जात नाहीं. तुकडा पूर्ण ताकदीनें दाबला जातो आणि स्वतःहून फिरून स्थिर जबड्याशीं अंग भिडवितो. त्यानंतर मऊ हातोडीनें त्याला खालच्या पॅररलवर ठोकून बसवितात. आणि बसला कीं नाहीं हें पाहण्याची रीत तर इतकी साधी आहे कीं हंसूं यावें: पॅररलखालीं वा वर कागदाचे कपटे आधींच ठेवलेले असतात, ते ओढून पाहावयाचे. कपटा सुटला तर कितीही आवळलेलें असो, काम बसलेलें नाहीं. आमच्या परीक्षा, प्रगतिपुस्तकें व वर्तनाचे दाखले आवळण्याचा जोर मोजतात. कपटा ओढून पाहणारा शिक्षक मला आयुष्यांत दोघेतिघेच भेटले. ते मुलाला गैरहजेरीचें कारण विचारण्याऐवजीं, सध्यां काय वाचतोस, असें विचारीत.

यावर एक मोठा आक्षेप आहे. मिल यानें १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत मनुष्यस्वभावाला यंत्राची उपमा देणें नाकारलें आणि वृक्षाची उपमा पसंत केली. वृक्ष आंतील जीवनशक्तीच्या प्रेरणेप्रमाणें सर्व बाजूंनीं वाढतो. मनुष्य हा लोखंडाचा तुकडा नव्हे, तेव्हां लोखंडाची नीति त्याला लावूं नये, असें वाचक म्हणतील. आक्षेपांत तथ्य आहे व तो मी पूर्णपणें दूर करूं शकत नाहीं. परंतु ज्यांना लोखंड जड व निमूट वाटतें त्यांनीं तें कापलें जातांना पाहिलेलें नसतें. ओतीव लोखंड थंड होतांना त्याचे पातळ भाग आधीं निवतात व जाड भाग मागून; त्या ओढाताणीचा ताण आंत कोंडून राहतो. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. एका बाजूची साल कापून काढली कीं आंतील तोल बिघडतो आणि सारा तुकडा आपल्या मनानें वांकतो. पूर्वीं यंत्रांच्या मोठ्या बैठका यासाठीं कित्येक महिने उघड्या अंगणांत ऊनपावसांत टाकून ठेवीत. आतां भट्टींत सुमारें ५५० अंशांपर्यंत तापवून अगदीं सावकाश निववितात. तेवढ्यानेंही सर्व ताण जात नाहीं. म्हणून बारीक कामांत मिस्त्री प्रथम जाड कापणी करून सगळे क्लँप सैल करतो, तुकड्याला हवें तसें वांकूं देतो, आणि मग नव्यानें, पूर्वीपेक्षां हलक्या हातानें धरून शेवटची कापणी करतो. जो मनुष्य लोखंडालासुद्धां मधून एकदां मोकळें सोडून त्याचें काय म्हणणें आहे तें पाहतो, त्याची नीति मुलांना लावावयास मिल यानें फार हरकत घेतली असती असें मला वाटत नाहीं.

खरा कठीण प्रश्न पुढें आहे. आधार सत्य असला तर ठीक. पण ठोकळाच खोटा असला तर? तो कशावर तपासावयाचा? दुसऱ्या ठोकळ्यावर म्हणाल तर त्याचें काय? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रविशारदानें १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनपुढें सपाट धातुपृष्ठांविषयीं निबंध वाचला, त्यांत या कोड्याचा उलगडा आहे. दोन पट्ट एकमेकांवर रंग लावून घासले, जेथें रंग लागतो तेथें खरडले, आणि असें करीत गेलें तर शेवटीं ते सर्वांगानें जुळतात. तरी ते सपाट असतील असें नाहीं. एक किंचित् फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला तरीही ते असेच जुळतील. म्हणून तिसरा पट्ट घ्यावयाचा आणि पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला असे आळीपाळीनें जुळवावयाचे. तिघेही एकमेकांशीं जुळण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे तिघांनींही सपाट होणें. बाहेरून एकही प्रमाण न आणतां केवळ परस्परांच्या तपासणींतून सत्य निर्माण होतें, याचें याहून सुंदर उदाहरण मला तर्कशास्त्रांतही आढळलें नाहीं. आपल्या कुटुंबांत मात्र दोनच पट्ट असतात. बापाचा फुगवटा आणि मुलाचा खोलगटपणा इतके बेमालूम बसतात कीं, येणारेजाणारे म्हणतात, काय आज्ञाधारक मुलगा! तिसरा पट्ट म्हणजे घरांत येणारी सून, किंवा परगांवचा मित्र, किंवा एखादें पुस्तक. तो आला कीं खडखड होते, आणि दोघेही जुने पट्ट तिसऱ्याला वांकडा ठरवितात.

मापाची गोष्ट याहून निराळी आहे, आणि ती निराळी ठेवणें अवश्य आहे. कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनमधील एस्किल्स्टूना येथील बंदुकांच्या कारखान्यांतला कारागीर. १८९६ च्या सुमारास त्याला अशी कल्पना सुचली कीं, निवडक मापांचे १०२ ठोकळे केले तर ते एकमेकांवर रचून सुमारें वीस हजार निरनिराळीं मापें मिळतील. आणि पहिले ठोकळे त्यानें घरीं पत्नीच्या शिवणयंत्राचें घासयंत्र बनवून घासले. पुढें त्याला इंचाचे ठोकळे करण्याची पाळी आली, तेव्हां अडचण अशी कीं, इंग्लंडचा इंच २५.४ मिलिमीटरहून रेसभर कमी आणि अमेरिकेचा रेसभर जास्त. त्यानें दोहोंच्या मधला २५.४ हाच आंकडा धरला, वीस अंश उष्णमानावर. १९३० सालीं ब्रिटिश आणि १९३३ सालीं अमेरिकन प्रमाणसंस्थेनें उद्योगधंद्यांपुरता तोच मान्य केला, आणि १९५९ सालीं सहा राष्ट्रांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें. म्हणजे इंच हा शेवटीं एक ठराव आहे. तो उद्यां बदलला तरी आकाश कोसळणार नाहीं. सपाटपणा हा ठराव नव्हे. सहा राष्ट्रांनीं सही केली म्हणून फुगीर पट्ट सपाट होत नाहीं.

आमच्या घरांतील नियमांतही हे दोन प्रकार मिसळलेले असतात. जेवतांना कोणी आधीं बसावें, दिवेलागणीला कोठें असावें, केंस किती वाढवावे, हे इंच आहेत. एका घरांत सर्वांनीं एकच इंच वापरावा हें सोयीचें, आणि त्यासाठीं मुलांनीं थोडी गैरसोय सोसावी असेंही मी म्हणेन. खोटें न बोलणें, दुबळ्याला न छळणें, घेतलेलें काम अर्धवट न टाकणें, हा सपाटपणा आहे. मीं पाहिलें आहे कीं, जीं घरें इंचासाठीं रणें माजवितात त्यांना सपाटपणासाठीं वेळ उरत नाहीं. रात्रीं उशिरा आल्याबद्दल मुलाला उंबऱ्याबाहेर उभा करणारे वडील, घरांतल्या मोलकरणीचा पगार कापतांना तोच मुलगा ऐकतो आहे हें विसरतात. मुलें हा भेद आपल्याआधीं ओळखतात. इंचाचा ठरावीपणा त्यांना एक दिवस कळतोच, आणि तोंपर्यंत सपाटपणाही त्याच आवाजांत, त्याच दरडावणीनें शिकविला गेला असेल तर दोन्ही एकदम फेंकून दिले जातात.

एवढें झाल्यावर मी त्या कारखान्यांतील वृद्ध मिस्त्रींना विचारलें, "पण मिस्त्री, तुकडा भट्टींतून नुकताच आलेला असतो तेव्हां त्याला एकही खरी बाजू नसते. तेव्हां तुम्ही कशावर धरतां?"

"कच्च्या बाजूवरच धरावं लागतं, सर. दुसरं काय करणार? त्यातल्या त्यात बरी बाजू बघायची. पण एकदाच."

"एकदाच कां?"

"दुसऱ्यांदा ती त्याच जागी बसत नाही."

यंत्रकामाच्या शिक्षणांत हा नियम पहिल्या वर्षींच सांगतात, असें मागाहून समजलें. कच्च्या बाजूचा आधार घेऊन समोरची पहिली बाजू कापावयाची. तेथून पुढें सर्व कामें त्या कापलेल्या बाजूवर टेकवून करावयाचीं. कच्ची बाजू खडबडीत, तिच्यावरचा उंचवटा पहिल्या वेळीं एका ठिकाणीं टेकतो व दुसऱ्या वेळीं दुसऱ्या ठिकाणीं. तिच्यावर दोन वेळां धरून केलेल्या दोन कामांचा एकमेकांशीं मेळ बसत नाहीं. आमच्या आईबापांनीं, कुलाचारांनीं, जातीगोतीच्या रीतीभातींनीं आम्हांला प्रथम धरलें तें अशाच बाजूवर. ती कच्ची होती म्हणून त्यांना हंसणारे लोक मला आवडत नाहींत, कारण त्यांनीं धरलें नसतें तर हंसणाऱ्यांची पहिली बाजू कापलीच गेली नसती. आणि पन्नाशी उलटल्यावरही प्रत्येक नव्या कामाला त्याच बाजूवर परत जाणारे, आणि मुलांनाही तिच्यावरच टेकविणारे, हेही मला समजत नाहींत. त्यांच्याजवळ कापलेली बाजू असते, तिच्यावर त्यांचा विश्वास नसतो इतकेंच. मिस्त्रींना मीं असेंही विचारलें कीं, काम पुरें झाल्यावर त्या कच्च्या बाजूचें काय करतां. ते म्हणाले, जेथें कशाशीं भिडावयाची गरज असेल तेथें तीही कापतात. नसेल तेथें तशीच ठेवतात आणि वर रंगाचा एक हात देतात.